रद्दीचं छप्पर

मालनची तागडी खरं बोलत नाही, हे मुलुंडच्या पारिजात सोसायटीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. आणि या बायका गठ्ठ्याच्या मधोमध ओले पेपर दडवतात, हे मालनला ठाऊक होतं. त्यामुळे व्यवहार कसा, अगदी सचोटीचा चालला होता.

गिरणीचा संप झाला आणि मालनचा नवरा गुणाजी घरी बसला, तो बसलाच. "संप मिटलो की बघूया," म्हणायचा. संप कधी मिटला ते कुणालाच कळलं नाही. हा मात्र अजून बघतोच आहे. मग मालननं डोक्यावर गोणी घेतली आणि सोसायट्यांमधून रद्दी-बाटलीची हाळी द्यायला लागली. कणकवलीकडची बाई ती, तिच्या आवाजानं तिसऱ्या मजल्यावरच्या सासवांची वामकुक्षी मोडायची.

पारिजातमध्ये एक कायदा होता. पगार नवऱ्याचा, बँकेचं पुस्तक नवऱ्याचं, पण रद्दीचे पैसे बाईचे. ते तांदळाच्या डब्यात जायचे आणि तिथून कुणाच्या भिशीत, कुणाच्या मॅटिनीत. नवरे पेपर वाचून देशाची चिंता वाहायचे आणि बायका तीच चिंता किलोवर विकायच्या. छान चाललं होतं हो सगळं!

पण महिला मंडळाच्या अध्यक्ष नीलाताईंना समाजसेवेची उबळ आली. डोंगराच्या पायथ्याला वस्ती होती, तिथल्या बालवाडीचं छप्पर गळत होतं. गेल्या पावसात पोरं भिंतीला पाठ लावून उभ्यानं गाणी म्हणायची. मालनची शेवंती त्यातलीच एक, सगळा श्रावण खोकत काढला तिनं. नीलाताईंनी सभा घेतली आणि सांगून टाकलं, "आजपासून सोसायटीची सगळी रद्दी बालवाडीच्या छपराला!" टाळ्या पुरुषांनी जास्त वाजवल्या. त्यांच्या काय बापाचं जात होतं?

दुसऱ्या दिवशी नीलाताईंनी मालनला फाटकातच अडवलं. "तू आता येऊ नकोस हं, मालन. तुमच्याच पोरांसाठी चाललंय ना हे सगळं!"

मालननं घरी येऊन गोणी आपटली. "चेडवाच्या डोक्यार छप्पर घालतत, आणि ताटातलो भात काढून घेतत!" गुणाजीनं मान डोलावली. तेवढं काम तो करायचा.

आठवडाही गेला नसेल, मालन पारिजातवरून चालली होती, तर वरून "शुक् शुक्" आलं. दुसऱ्या मजल्यावरची उत्तरावहिनी खिडकीतून खुणावत होती. "ये गं, पण ओरडू नकोस." आत कोरडी, घडी न मोडलेली रद्दी बांधून तयार.

"आणि मंडळाला काय देणार, वहिनी?"

"त्यांना देते ना. पोटमाळ्यावर वाळवी लागलेली गाइडं पडलीयत."

मग काय! पुरुष ऑफिसात गेले की दुपारी एकेक खिडकी शुक् शुक् करायची. हाळी बंद झाली आणि धंदा वाढला. आपण नेतोय ती रद्दी नाही, शेवंतीच्या डोक्यावरचा पत्रा आहे, हे मालनला मात्र पक्कं कळत होतं. पण चूल काही जूनपर्यंत थांबत नाही. ती न्यायची, आणि स्वतःवरच चरफडायची.

मंडळाकडे जमलं काय, तर वाळवी, ओल आणि जुन्या लग्नपत्रिका. नाक्यावरच्या रद्दीवाल्या चंद्रप्रकाशनं नाक मुरडून जे दिलं, त्यात पत्रे बसेनात. शाल, नारळ आणि मांडव मात्र बसले. छप्पर नाही तर नाही, समारंभ नको का व्हायला?

सोसायटीच्या आवारात मांडव पडला. पुढच्या रांगेत नवरेमंडळी. वस्तीतल्या आयांच्या वतीनं मालनला व्यासपीठावर बसवलेलं. नीलाताई माइकवर गहिवरल्या, "आम्ही भरभरून दिलं. पण काही जणांनी ही रद्दी परस्पर पळवली! आपल्याच लेकरांच्या तोंडचं पळवताना हात कसे धजतात यांचे?" आणि त्यांनी मालनकडे बघितलं.

मालनचं डोकं सणकलं. तिनं उठून माइक घेतला. "नेली मी रद्दी. खोटं कशाला बोलू? पण पळवली नाही, रोख देऊन घेतली. कुणाकुणाकडून, ते सांगू?"

उत्तरावहिनीनं तोंडाला पदर लावला. मागच्या खुर्च्यांवरच्या बायका चपला शोधायला खाली वाकल्या.

"सांग की! घाबरतेस कुणाला?" पुढच्या रांगेतून आवाज आला. श्यामकांतराव होते, नीलाताईंचे यजमान. बिचारे महिनाभर आपले जपून ठेवलेले दिवाळी अंक शोधत होते. नीलाताईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

मालननं त्यांच्याकडे बघून घेतलं. "आता नावं काही आठवत नाहीत बघा. पाऊस पडायच्या आत बालवाडीवर पत्रे चढले, तर कायमची विसरेन. नाहीतर एकेक आठवायला लागेल."

दानधर्माला महिन्यात जमलं नाही, ते धाकानं आठवड्यात केलं. तांदळाचे डबे रिकामे झाले आणि बालवाडीवर कोरे सिमेंटचे पत्रे चढले. दारावर पाटी लागली, 'पारिजात महिला मंडळाच्या औदार्यातून'. एका पेपरात कौतुकही छापून आलं.

पारिजातच्या खिडक्या मात्र मालनला कायमच्या बंद झाल्या. तिनं खालून हाळी दिली की वर कड्या सरकायच्या. "गप ऱ्हवलं असतंस तर पारिजातची घरां तरी ऱ्हवली असती," गुणाजी म्हणाला. मालनला रडू आलं, रागही आला. पण बाहेर धो धो पडत होता आणि पोरगी बालवाडीत कोरडी बसली होती.

उघडीप मिळाली तशी तिनं गोणी उचलली आणि भांडुपच्या सोसायट्या धरल्या. पहिल्याच जिन्यात एक जाडजूड बाई दारात आली. "आमच्याकडे रद्दी विकत नाहीत हो आता. शाळेला देतो आम्ही. पेपरात नाही वाचलंत, मुलुंडच्या बायकांनी कसं छप्पर बांधलं ते?"

"असं होय?" मालन म्हणाली. तिनं गोणीची घडी घातली, जिन्याखाली बूड टेकलं आणि पुरुष ऑफिसला जायची वाट बघत बसली.