खाऱ्या पाण्यात टिकणारी चकाकी

शेषराव कुणाच्याही घरी गेला की पाणी पिण्याआधी पेला फिरवून निरखायचा. लग्नातसुद्धा नवरीपेक्षा त्याचं लक्ष आहेराच्या भांड्यांकडे. "पहिल्या दिवशी तं सगळंच चमकते, गड्या," असं म्हणून तोंड वाकडं करायचा. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आम्हा दोघांचा धातूला पॉलिश करायचा कारखाना होता. कारखाना कसला, पत्र्याची शेड आणि दोन मोटारी.

त्याची एकुलती एक लेक वैशाली. नळाला पाणी कधी येतं याची वाट पाहत वाढलेली ही पोरगी बुडी मारायला शिकली आणि कोकणात नोकरीला लागली. समुद्रात मासे पाळायचे मोठे पिंजरे असतात, त्यांची जाळी पाण्याखाली जाऊन तपासायची. एकदा गढूळ पाण्यात तिला वर यायची दोरीच सापडेना. ती आली वर, पण इकडे बापाची झोप उडाली. बॅटरीच्या उजेडात चमकतील अशा धातूच्या पट्ट्या त्या दोरीला लावायचं ठरलं, आणि त्या पट्ट्या दुसऱ्या कुणी करणं शेषरावला मंजूर नव्हतं.

आधी पितळेवर क्रोम चढवून आणलं. आरसाच! बादलीत मिठाच्या पाण्यात ठेवलं तर पापुद्रे सुटले. मग समुद्रात चालणारं महागाचं स्टेनलेस घेतलं, तर त्यावरही तांबूस ठिपके. शेषराव सैरभैर झाला. जेवता जेवता उठून बादलीत हात घालायचा.

"अरे, दम धर जरा," मी म्हटलं.

"तुह्यी पोरगी हाय का पाण्यात? मले कायले दम धर म्हणतं?"

मला राग आला, पण त्याचं खरंच होतं.

चूक आमचीच निघाली. ज्या कापडी चाकावर आम्ही लोखंडी दांडे घासायचो, त्याच चाकावर पट्ट्या घासल्या होत्या. चाकातले लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुतले आणि तेच गंजले. शेषरावनं कपाळावर हात मारून घेतला. नवं चाक आणलं, पट्ट्या पुन्हा घासल्या, अ‍ॅसिडनं धुतल्या. या खेपेला डाग पडला नाही. पट्ट्या कोकणात गेल्या.

काही दिवसांनी वैशालीचा फोन आला. "बाबा, गंज नावाले नाही. पण शेवाळ चढते, शिंपले चिकटतात. घडी घडी पुसा लागते."

"मंजे तुले अजूनच पाण्यात उतरा लागन?"

"लागन नं, बाबा."

 शेषराव म्हणाला, "माह्या हातचं संपलं, पोरी. आता तुह्यं तू पाह्यजो." फोन ठेवला आणि माझ्यादेखत ढसाढसा रडला. मलाही आवरलं नाही.

गेल्या वर्षी शेषराव गेला. वैशाली अजून उतरते. पाण्यातून वर आली की ती बापाला फोन करायची, आता मला करते. उशीर झाला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, हातातलं काम सुचत नाही. काल फोन फार उशिरा वाजला.

"आली वर मी, काका," ती म्हणाली.