एका दिवसाचं पाळणाघर

साधनाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. गजर लागत नसे. नऊ महिन्यांची प्रणाली साडेचारला खोकायला लागे आणि खोकून थकली की दुधासाठी रडे. तिला मांडीवर घेऊन पाजता पाजता साधना दुसऱ्या हाताने कणीक मळून घेई. एका हाताने कणीक मळणं ऐकायला सोपं आहे. परात भिंतीला टेकवून गुडघ्याने दाबून धरावी लागते, नाहीतर ती खोलीभर फिरते.

पावणेसातला तिघं अकोल्याबाहेरच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्याच्या, फाटकात असत. नवरा, देवमन, तिथे प्रेसवर गाठी ओढायचा. रुईची एक गाठ एकशेसत्तर किलोची. ती उचलायची नसते, कलंडवायची असते. उचलणाऱ्यांच्या कमरा दोन हंगामांत जातात. साधना शेडमध्ये कापसाच्या ढिगावर बसून पाला, काड्या आणि कवडी, म्हणजे पिवळा पडलेला खराब कापूस, निवडायची. बसून करायचं काम आहे, असं नव्या माणसाला वाटतं. त्याने दोन तास बसून दाखवावं.

शेडच्या दोन लोखंडी खांबांना जुन्या लुगड्याची झोळी बांधून तिच्यात प्रणालीला टाकायचं. भिंतीपलीकडे तीस रेचे, म्हणजे कापसातून सरकी सोडवणारी यंत्रं, दिवसभर चालत. आवाज एवढा, की शेजारच्या बाईला पाणी मागायचं तर हाताने दाखवावं लागे. प्रणाली त्या आवाजात गाढ झोपे. झोळीवर कपडा टाकला तरी संध्याकाळी तिच्या पापण्यांवर रुई असे, नाकात असे. दिवाळीपासूनचा खोकला त्या रुईचा होता.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, ‘धुळीत नेऊ नये’. खाली दोन रेघा ओढल्या. कुठे न्यावं, ते त्या कागदावर नव्हतं.

बाकी सल्ल्यांची टंचाई नव्हती. हिवरखेडहून सासू फोनवर म्हणाली, ओव्याची पुरचुंडी गळ्यात बांध. शेजारणीने मोबाईलवर एका बाईचं भाषण दाखवलं. त्या बाईच्या मते बाळाची खोली फिक्या पिवळ्या रंगाची असावी आणि आईने मन शांत ठेवावं. साधनाच्या भाड्याच्या खोलीला रंगच नव्हता. म्हणून तिने शांत राहण्यापासून सुरुवात केली. ते दुपारपर्यंत टिकलं.

देवमनचाही सल्ला होता.

“तू घरी राह्य आता. पोरीचा खोकला बरा होयेपर्यंत.”

“अन् खोलीचं भाडं कोन भरन? खोकला?”

“मंग मायजोळ नेऊन ठेवू हिवरखेडले.”

“नेली होती ना दिवाळीत. पोरीनं वाटीतलं दूध घेतलं नाई अन् इकडं दूध दाटून मले ताप भरला. तिसऱ्या दिवशी पोरगी घेऊन कोन आलतं? तुमचाच भाऊ.”

“मंग तूच सांग.”

“तुमी राहा घरी.”

देवमनला हा विनोद वाटला. तो मनापासून हसला. साधना हसली नाही, हे त्याच्या दोन भाकरी संपल्यावर लक्षात आलं.

शेवटी साधनानेच ठरवलं. सोमवारपासून काम बंद. आठवडा संपेपर्यंत हजेरी भरायची आणि पोरीला घेऊन घरी बसायचं. पुढे काय खायचं, हा प्रश्न तिने सोमवारसाठी ठेवला.

बुधवारी मुकादम नत्थुजी ढिगावर आले. दोन हात वर करून त्यांनी बायांना शेडबाहेर बोलावलं.

“उद्या अकरा वाजता तपासनीचे साहेब येऊन राह्यले. पाळनाघर पाह्यतीन. ज्यायले लेकरं हायेत त्यायनं लेकरं आना, ज्यायले नाईत त्यायनंही आना.”

“नाईत तर कुठून आनू नत्थुजी?” गोदाबाई म्हणाली. गोदाबाई साठीची, सरकी झाडायच्या कामावर होती.

“उसने आना. रजिस्टरात अकरा लेकरं हायेत. आपल्यापाशी चारच. सात लेकरांची सोय करा. बिस्कीटचे पुडे भेटतीन.”

ढिगावरचीच अकीला म्हणाली, “मेरी ननद का लडका है नत्थुजी, पर चौथी में पढता.”

“चालते. पाय मुडपून झोपव त्याले.”

पाळणाघर होतंच. ऑफिसच्या मागे एका दारावर अकरा वर्षांपासून तसं रंगवलेलं होतं. आत बारदाना, म्हणजे रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे, एक मोडका वजनकाटा आणि गणपतीचं जुनं मखर होतं. ते रिकामं करायला नत्थुजींनी दोन बाया मागितल्या. साधना आधी उठली. मग गोदाबाई उठली.

बारदान कोरडं उचललं तर धूळ छातीत जाते. ओलं करून उचललं तर वजन दुप्पट होतं. साधनाने ओलं करून उचललं. छपन्न गठ्ठे निघाले. मग जाळी झाडली, फरशी तीन पाण्यांनी धुतली, खिडकी खिळ्यांनी ठोकलेली होती ती उघडली. उजेड आल्यावर कळलं की भिंती फिक्या पिवळ्या होत्या.

नत्थुजी दारात येऊन उभे राहिले. “काय वं, एका दिवसासाठी एवढी कावून घासून राह्यली?”

“एक दिवस तरी धड होऊ द्या.”

ती खोली शेडपासून शंभर पावलांवर होती. रेच्यांचा आवाज येत होता, रुई येत नव्हती. साधनाने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि पाहिलं. बोट स्वच्छ होतं. ती बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिली. मग नत्थुजींनी हाक मारली म्हणून गेली.

गुरुवारी सकाळी डेकोरेशनवाल्याच्या टेम्पोतून बारशाचे अकरा पाळणे आले. प्लास्टिकच्या फुलांची कमान प्रत्येकावर होती. ‘नामकरण सोहळा’ लिहिलेल्या पाट्या नत्थुजींनी स्वतः उपटल्या. गोदाबाईला ऑफिसातून पांढरं पातळ मिळालं आणि ती नऊ वाजता प्रशिक्षित झाली. बायांना तीन वाक्यं पाठ करायला दिली: खोली रोज उघडी असते, बाई लेकरं सांभाळते, आमची काही तक्रार नाही. पिठाच्या गिरणीतून, अंगणवाडीतून, एक तर लग्नघरातून, अशी सात पोरं जमली. अकीलाच्या नणंदेचा मुलगा पाळण्यात गुडघे छातीशी घेऊन पडला होता. त्याला दोन पुडे जास्त दिले होते.

साडेदहाला पोरं झोपली. रेचे चालू होते. सगळं ठीक होतं.

शेठजी आले. त्यांनी पाळणे पाहिले, भिंती पाहिल्या आणि कपाळाला आठी घातली. “एवढा आवाज? साहेबांना बोलायला त्रास होईल. मशीन बंद करा.”

मुनव्वर, जिनिंगचा फिटर, दारातून म्हणाला, “शेठजी, बंद मत करवाओ. चालू हंगामात थांबवलं का फिरून वेग धरायले टाइम लागते.”

“बंद म्हणजे बंद.”

साहेबांची गाडी फाटकातून आत आली आणि मुनव्वरने खटका ओढला. तीस रेचे एकापाठोपाठ थांबले. जिनिंगमध्ये इतकी शांतता झाली की छपरावर कावळा चालतो ते ऐकू येऊ लागलं.

पहिली प्रणाली दचकली. जिनिंगमध्ये या पोरीने दिवसाउजेडी शांतता कधी ऐकलीच नव्हती. जग बुडालं असं समजून तिने तोंड उघडलं. तिच्या पाठोपाठ अकीलाचा शाकीब. मग जिनिंगची चारही पोरं, आणि त्यांचं पाहून उसनी सहा. चौथीतला मुलगा रडला नाही. तो उठून बसला आणि त्याचं डोकं कमानीला लागलं.

साहेब दारात आले तेव्हा गोदाबाई अंगाई म्हणत होती, शेठजी किल्ल्यांचा जुडगा वाजवत होते आणि नत्थुजी तोंडाने शिट्टी मारत होते. साहेबांनी कानावर हात ठेवला.

“काय हो, मुलं आजारी आहेत का?”

“नाई साहेब,” नत्थुजी घामाघूम होऊन म्हणाले, “मशीन बंद झाली ना! मशीनबगर झोपतच नाईत ते. रोज मशीनजोळच तर—”

शेठजींनी त्यांच्याकडे पाहिलं. वाक्य तिथेच मेलं.

“मुनव्वर!” शेठजी ओरडले. “चालू कर!”

रेच्यांना वेग धरायला पाच मिनिटं गेली. ती पाच मिनिटं साहेबांनी कमानीवरची फुलं मोजली. मग घरघर सुरू झाली, वाढली, खिडकीच्या काचा थरथरू लागल्या, आणि पोरं एकेक करून मिटत गेली. दोन मिनिटांत खोली झोपली.

साहेब थक्क झाले. “हे कसं काय?”

“प्रयोग आहे आमचा,” शेठजी मोठ्याने म्हणाले. “एकसारख्या आवाजाने मेंदूची वाढ होते.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी समोरच्या बाईला विचारलं. ती साधना होती. “बाई, पोरं रोज इथंच असतात?”

नत्थुजींनी तिच्याकडे डोळे वटारले. नाही म्हटलं तर सोमवारची वाट पाहायचं कारण नव्हतं, आत्ताच फाटक होतं, आणि देवमनलाही तेच फाटक होतं. हो म्हटलं तर संध्याकाळी पाळणे टेम्पोत आणि पोरगी परत रुईत. साधनाने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. पापण्या स्वच्छ होत्या.

“हो साहेब,” ती म्हणाली. “खोली रोज उघडी असते. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. कुलूप कदी लागतच नाई. आमाले त कुलूप कसं असते तेच माईत नाई.”

नत्थुजी खाकरले.

“ही बाई लेकरं सांभायते. निस्ती लेकरायपाशीच बसते, सरकीवर जातच नाई. बारदाना, भंगार असं काई इथी ठेवू देत नाईत शेठजी. तुमी कदीबी या साहेब, सांगून येऊ नोका. लिवून घ्या. आमची काई तक्रार नाई.”

“वा!” साहेब म्हणाले.

“शेठजी त म्हन्ते, बाकीच्या जिनिंगवाल्यायनंही येऊन पाहावं.”

शेठजी असं कधी म्हणाले नव्हते. पण हसू आधीच चेहऱ्यावर आणलेलं होतं, ते आता काढता येईना.

साहेबांनी सगळं लिहिलं. फोटो काढले. “हे वर पाठवतो. पुढच्या महिन्यात दहा-बारा जिनिंगची मंडळी घेऊन येतो. आणि बाई म्हणतात तसं, न सांगता.” चहा पिऊन ते गेले.

नत्थुजींनी साधनाला भिंतीशी गाठलं. “तुले तीन वाक्यं सांगतली होती वं!”

“तीनच बोलली. जराशी लांबली.”

दुसऱ्या दिवशी टेम्पो येऊन पाळणे घेऊन गेला. बारदाना मात्र परत आला नाही. साहेब केव्हा येतील याचा भरवसा नव्हता, त्यामुळे शेठजींनी बारदान्यासाठी नवं पत्र्याचं छप्पर टाकलं. पाळणाघर उघडं राहिलं. रिकामं, धुतलेलं, पिवळं.

गोदाबाईला सरकीवर परत धाडलं. साधना ऑफिसात विचारायला गेली.

“खोली दिली ना?” शेठजी म्हणाले. “आता बाईचा पगारही मीच देऊ?”

“रजिस्टरात त देता म्हून लिवलं हाय.”

“लिहिलंय ना? मग झालं तर.”

दुपारच्या सुटीत चारही पोरांच्या आया खोलीत फरशीवर डबे सोडून बसल्या. गोदाबाईला मध्ये बसवलं.

“सरकीवर जेवढी मजुरी भेटते तेवढी द्या,” गोदाबाई म्हणाली. “कमी मी घेनार नाई, जास्त मांगनार नाई. चार लेकरं सरकीच्या पोत्याहून जड असतेत. पोतं रडत नाई.”

अकीला म्हणाली, “चौघी मिळून देऊ मावशी.”

संध्याकाळी देवमन भडकला. “शेठजीचं काम आपल्या पैशानं कावून?”

“पोरगी शेठजीची हाय का?”

सकाळी लवकर जाऊन त्याने खोलीच्या छताच्या लोखंडी पट्ट्यांना चार हुक बसवले. भंगारातल्या सळईचे हुक मुनव्वरने वाकवून दिले होते. देवमनने प्रत्येकाला लटकून पाहिलं. तो पडला नाही म्हणजे पोरगी पडणार नव्हती. कामाची ही पद्धत बरोबर होती. शनिवारी चार झोळ्या टांगल्या गेल्या. सोमवारी साधना नेहमीच्या वेळी कामावर आली.

खोकला जायला पाच आठवडे लागले. डॉक्टर म्हणाले, “बघा, मी सांगितलं होतं.”

फेब्रुवारीत साहेब मंडळींना घेऊन आले, आदल्या दिवशी फोन करून. त्या दिवशी झोळ्या काढून पुन्हा बारशाचे पाळणे लागले. शेठजींना शाल-नारळ मिळालं. त्यांनी आईच्या मायेवर वीस मिनिटं भाषण केलं. रेचे चालू ठेवले होते, त्यामुळे ते कोणाला फारसं ऐकू आलं नाही. पोरं झोपली होती. गोदाबाईला टाळ्या वाजवता आल्या नाहीत, तिच्या कडेवर शाकीब होता. साधना तिथे नव्हती. तिचा ढीग उरकायचा होता.

मार्चच्या शेवटी कापूस संपला आणि हंगाम बंद झाला. शेवटच्या आठवड्याच्या मजुरीतून साधनाने आधी गोदाबाईचा वाटा दिला. उरलेल्यातून दीड दिवसाची मजुरी मोडून बारीक जाळी विकत घेतली, पाळणाघराच्या खिडकीला बसेल एवढी. पुढच्या हंगामात वारा शेडकडून फिरला तर रुई आत येऊ नये म्हणून. देवमनने ती ठोकली, पण एका बाजूला बोटभर फट राहिली. साधनाने खिळे उपटले, जाळी ताणून धरली आणि पुन्हा ठोकायला लावली.