आरतीच्या फोटोतला डोंगर

गणपतीत सीमेवरचा माझा भाचा व्हिडिओ कॉलवरून मुलुंडच्या घरी आरतीला हजर झाला. माझा बेसूर आवाज ऐकून तो तिकडे हसत होता. ताईने कौतुकाने स्क्रीनवरचा त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर फोटो पाहताच त्याचं हसू गेलं.

"आई, डिलीट कर. मागच्या डोंगरावरून आमची जागा ओळखतात. मग ड्रोन येतं."

"अरे, घरचाच ग्रुप आहे ना."

"त्यात कोण कोण आहे?"

"मामा, गुरुजी, मोदकवाल्या काकू, मखरवाला..." ताईचं बोट डिलीटवर गेलं.

ग्रुपवरून फोटो गेला, पण जमलेल्यांच्या मोबाइलमध्ये उतरला होताच. लढाई मोदकांच्या वासापर्यंत आली होती. ताईने आरतीचं ताट सगळ्यांपुढे फिरवलं. आम्ही मोबाइल त्यात ठेवले. प्रत्येकातून तिने स्वतःच्या हाताने मुलगा पुसला.