कोवळ्या उन्हाचा सल्ला

कसबा बावड्यातले डॉक्टर धैर्यशीलकाका म्हणजे देवमाणूस. गरिबाकडं पैसे मागायला लाजणारे. लहानपणी माझा गोवर त्यांनीच बरा केला, आणि मी बालरोगतज्ज्ञ झाले तेव्हा पेढेही त्यांनीच वाटले. असल्या माणसावर चिडायचं तरी कसं? पण मी चिडले होते.

पिवळं पडलेलं तान्हं बाळ आलं की काका सांगणार, कोवळ्या उन्हात धरा. बहुतेक पोरं आपसूक बरी होतात, म्हणून काकांना वाटायचं, ऊनच लागू पडलं. जी होत नाहीत, ती माझ्या राजारामपुरीतल्या दवाखान्यात येतात, कावीळ मेंदूत गेल्यावर. यंदा बावड्याच्या तेजस्वीचं बाळ असंच आलं.

त्याच सुमारास डॉक्टरांच्या व्याख्यानांचे विषय ठरवायचं काम संघटनेनं माझ्या गळ्यात मारलं. म्हटलं, आधी विचारू तरी, कुणाला काय शिकायचंय. फोन करून करून कान तापले. सगळ्यांना मधुमेहाची नवी औषधं हवीत, हृदयविकार हवा. तान्ह्यांची कावीळ? छे, ती तर येते की आम्हाला! आपल्याला काय येत नाही हेच ज्याला ठाऊक नाही, तो मागणार काय, डोंबल? काका तर म्हणाले, या वयात आता काय शिकायचं, जेवण तेवढं झणझणीत ठेव.

मी हट्टानं कावीळच ठेवली आणि स्वतः बोलले. काका पहिल्या रांगेत होते. उन्हानं भागत नाही, बाळाला वेळेत निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं, हे घसा फोडून सांगितलं. संपल्यावर काकांनी माझी पाठ थोपटली. नव्या पोरांना हे सांगायलाच पाहिजे होतं, म्हणाले.

माझा पारा चढला. हातात ताट घेऊन ते उभे होते, तिथंच म्हटलं, "काका, हे तुमच्यासाठी होतं."

ते हसले. मग माझं तोंड बघून थांबले. मी तेजस्वीच्या बाळाचं सांगितलं. ते अजून मान धरत नाही, हाक मारली तर वळत नाही. काकांना वाईट वाटेल म्हणून तेजस्वी पुन्हा त्यांच्याकडं गेलीच नव्हती. आणि बाळ परत आलं नाही म्हणजे बरं झालं, असंच ते आयुष्यभर धरून चालले होते.

काकांनी ताट खाली ठेवलं. अशी आणखी हायत का, विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. मला रडू आवरेना.

"आता शिकतो की मी, पोरी," काका म्हणाले. "पर त्या लेकरास्नी त्याचा काय उपेग?"