कोंबड्याचं गेलं कशाला?

खरं सांगा, कोंबड्याला लिंग नसतं हे तुम्हाला ठाऊक होतं का? पहाटे सबंध गाव उठवतो, उकिरड्यावर छाती काढून फिरतो, आणि खाली काही नाही!

आम्हाला हे मास्तरांनी सांगितलं. किहीमच्या शाळेतून पेन्शनीत निघालेले, काखेत कायम एक नर बदक. रस्त्यात कोणी थबकलं की म्हणत, "विचारा, विचारा. मी चावत नाही. बदक चावतं." दोन्ही खरं होतं.

मास्तरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आमच्या वाचनालयातर्फे पक्ष्यांच्या जननेंद्रियांवर व्याख्यान, तेही बायकांसमोर. "कोंबड्या पाळायच्या बायकांनी आणि ज्ञान पुरुषांना?" ते विचारत. मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहीत असे, पण इतका धारदार सवाल माझ्या एकाही पत्रकात नव्हता. कमिटी दर वर्षी नाही म्हणे. शेवटी मास्तरांनी विषयाचं नाव 'पक्षी आणि परमेश्वराची करणी' असं दिलं, तेव्हा हो म्हणाली.

देवळाच्या आवारात सभा भरली, पुरुष पुढे, बायका मागे. मास्तर म्हणाले, "फार पूर्वी सगळ्या पक्ष्यांना ते होतं. बहुतेकांचं पिढ्यान्‌पिढ्या लहान होत होत नाहीसं झालं. आता नर-मादी शेपटीखालची द्वारं क्षणभर टेकवतात, की झालं काम. बदकानं मात्र जपलं. आणि कसं? पिळाचं!" असं म्हणून त्यांनी खिशातून बाटलीचं बूच काढायचं मळसूत्र काढलं. पारशाच्या बंगल्यातून मागून आणलं होतं.

सभा उसळली. ते दिवस दारूच्या दुकानांपुढे धरणं धरून पिकेटिंग करण्याचे. अध्यक्ष ताडकन उठले.

"मास्तर, देवळात दारूचं हत्यार?"

"अहो, मी लिंगाबद्दल बोलतोय."

"ते बोला हो! ते चालेल. हे खिशात घाला, नाहीतर सभा बरखास्त!"

मास्तरांचा चेहरा पडला. पीळ दाखवल्याशिवाय पुढे काय सांगणार? बदक उचलून ते निघाले. दाराशी मासळीची पाटी ठेवून एक कोळीण ऐकत बसली होती. तिनं जाळ्यात आलेला एक लांबट, पिळाचा शंख पुढे केला.

"मास्तर, यो घ्या. यो दारू पीत नाय."

शंखाला देवळातून बाहेर काढणार कोण? अध्यक्ष खाली बसले. मास्तर पुन्हा उभे राहिले आणि कोंबडीचं उजवं अंडाशयही असंच कसं गेलं, इथपर्यंत रंगून बोलले.

"आता विचारा, विचारा."

पुरुष खोकले. कोळीण म्हणाली, "पन मास्तर, चांगलं होतं तं कोंबऱ्याचं गेलं कशाला?"

मास्तरांनी डोळे पुसले. "बाई, ते मला ठाऊक नाही. पण हे कोणीतरी विचारावं म्हणून तर मी इतकी वर्षं बदक घेऊन हिंडतोय." डोळे पुसताना बदक सुटलं आणि अध्यक्षांना चावलं.

मास्तर गेल्या पावसाळ्यात गेले. तो शंख वाचनालयाच्या कपाटात आहे. कमिटीनं खाली चिठ्ठी लावली आहे, 'शंख'. बस, एवढंच!

म्हणून वाचकहो, एक करा. तुमच्या गावात यंदा हे व्याख्यान ठेवा. विषयाचं खरं नाव छापा, बायकांना पुढे बसवा, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणून सांगा. बदक माझ्याकडे आहे, हवं तर घेऊन जा. अजून चावतं.