बुडापेस्टमधला उपास

युरोपच्या सहलीचा शेवटचा दिवस बुडापेस्टमध्ये होता. सकाळी नदीवरच्या पुलावर बायकोचे फोटो काढत होतो, तेवढ्यात अमळनेरहून मोठ्या भावाचा फोन आला. एरवी तो कापसाच्या भावावरून ओरडतच सुरुवात करतो. त्या दिवशी हळू आवाजात म्हणाला, "जेवना का?"

"नाही अजून, भाऊ. का?"

"पहिले जेवी ले. मंग फोन कर." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

आमच्याकडे घरातलं कुणी गेलं की परगावी असलेल्या माणसाला आधी जेवायला लावतात आणि मगच सांगतात, कारण एकदा कळलं की घास उतरत नाही. मी स्वतःही काहीजणांना असंच आग्रहानं वाढलंय.

घरी आई आणि वडील, दोघंही ऐंशीच्या पुढचे. बायकोला मी काही बोललो नाही. गाईड दाखवेल तो राजवाडा, दाखवेल ते चर्च बघत राहिलो. दुपारी सगळे हॉटेलात जेवायला बसले, तेव्हा पोट बिघडल्याचं सांगून मी बाहेर फुटपाथवर उभा राहिलो. एवढं देखणं शहर, पण मला त्याचा राग येत होता.

संध्याकाळी विमानतळाच्या बसमध्ये बायकोनं एक केळं सोलून माझ्यापुढं धरलं. "निदान हे तरी खा. सकाळपासून उपाशी आहात."

मी नको म्हणालो. खिशात फोन थरथरत होता, तोही काढला नाही. मी उपाशी होतो, तोवर अमळनेरच्या घरात दोघंही होते.