ऑटो चालू असताना

मोबाइलवरून मोटर चालवायचा डबा बसवून घेतला, त्या दिवशी कंपनीचे साहेब आमच्या मेडशीच्या शेतात गॉगल लावून आले होते. बुटांना चिखल लागू नये म्हणून शेताच्या कडेच्या धुऱ्यावरूनच बोलत होते. "एकदम सोपं आहे काकू, लहान मूलसुद्धा वापरेल." ते बनवलंही लहान मुलांनीच असावं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ॲपमध्ये सगळ्यात वर 'ऑटो'. ते लावलं की लाइन आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. आमच्याकडे लाइन कधी येईल याचा नेम नाही, म्हणून ऑटो कायम लावलेलंच. त्याखाली 'मोटर बंद' असं ठसठशीत लाल बटण.

हरभऱ्याला पाणी चालू होतं, तेव्हा मोटरच्या जाळीत गाळ बसला. लाइन गेलेली होती. आमचे हे विहिरीत उतरता उतरता म्हणाले, "मोबाइलवर बंद करून ठेव वं, मी जाळी साफ करतो."

मी लाल बटण दाबलं. हिरवी टिक आली, 'सेव्ह झाले' असं आलं. मी काठावरून ओरडले, "झाली बंद!"

थोड्या वेळात लाइन आली आणि पाण्याखाली मोटर घरघरली. यांनी हात नुकताच जाळीतून काढला होता. ते वर कसे आले, हे त्यांनाही सांगता येत नाही. वर येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "तू बंद केली होती ना?"

साहेबांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "काकू, ऑटो चालू असताना ते बटण लागू होत नाही. पुस्तिकेत दिलंय."

"लागू होत नाई, त मंग दाबू कायले देता? अन् वरून झालं म्हून सांगता?"

"तसं डिझाइन आहे."

डिझाइन म्हणे! ऑटो असेल तेव्हा बटण फिकं करायचं, दाबूच द्यायचं नाही आणि खाली लिहायचं, 'आधी ऑटो काढा.' एवढीही अक्कल नसलेली माणसं एसीत बसून पगार घेतात. पुढे ॲप नवीन आलं. त्यात बटणाचे कोपरे गोल केले होते, बाकी सगळं तसंच.

आता हे विहिरीत उतरायच्या आधी मी स्टार्टरच्या पेटीतले फ्यूज काढते. "काढले," असं मी म्हटलं तरी हे पायरीवरच थांबतात. मी मूठ उघडून दाखवल्यावरच खाली उतरतात. आधी माझं नुसतं सांगणं पुरायचं.